गेटचे कॅमेरे रात्री आंधळे, इंटरकॉम गुणगुणतो, व्हेंडर म्हणतो सगळं बदला – नक्की बघायचं कुठून?

नवा_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी, दोन विंग, स्टिल्ट अधिक सात मजले, ५६ फ्लॅट, २००९ चं बांधकाम. एजीएममध्ये मी चहा घ्यायला उठलो आणि परत येईपर्यंत सेक्रेटरी झालो होतो. आधीच्या कमिटीने चाव्यांचा जुडगा आणि एक फाईल हातात ठेवली, फाईलीत लिफ्टच्या एएमसीची बिलं आणि २०१६ च्या गणपतीच्या वर्गणीची यादी, बाकी मीटर रूममधून काय निघतं, डक्टमधून कुठली वायर कुठे जाते, कॅमेऱ्यांचं कनेक्शन कुठून आलंय ह्याचा एक कागद नाही. मी कॉमर्सवाला, वीज म्हणजे दर महिन्याचं बिल एवढीच ओळख.

तक्रारी अशा. गेटवरचे दोन्ही कॅमेरे संध्याकाळी सात-साडेसातनंतर काळे होतात, मधूनच चित्र येतं, परत जातं, सकाळी उजाडलं की ठणठणीत. ए विंगमधून गेटच्या केबिनला इंटरकॉम लावला की घूंऽऽ असा आवाज येतो, दिवसा कमी, संध्याकाळी एवढा की वॉचमन काय बोलतो ते कळेना, पावसात तर विचारूच नका. व्हेंडर येऊन दहा मिनिटं वर बघून गेला आणि ३ लाख ८० हजारांचं कोटेशन पाठवलं, सगळे १६ कॅमेरे आयपी, म्हणजे नेटवर्क केबलवर चालणारे, करा, इंटरकॉम काढून ॲप घ्या. आमच्या वॉचमनकाकांची एक वेगळीच तक्रार आहे की पावसात गेटजवळचा खांब जरा चावतो, म्हणजे शॉक देतो, पण ते बहुतेक पत्र्याच्या केबिनमुळे असेल.

सुरुवात कुठून करू? पैसे द्यायला हरकत नाही पण कशाचे देतोय ते कळलं पाहिजे.

बीएनसी
कॅमेऱ्यांचा धंदा आहे माझा त्यामुळे सांगतो, रात्री काळा आणि दिवसा ठणठणीत म्हणजे ९० टक्के वेळा कॅमेरा चांगला असतो, त्याला जेवण कमी पडतं. दिवसा फक्त सेन्सर चालतो, अंधार पडला की आतले आयआर एलईडी, म्हणजे अंधारात दिसण्यासाठीचे दिवे, पेटतात आणि करंट दुपटीच्या वर जातो. तुमचा सप्लाय बहुधा लॉबीतल्या एसएमपीएसमधून, म्हणजे २३० चे १२ व्होल्ट करणाऱ्या डबीतून, निघतो आणि थ्री प्लस वन केबलने, म्हणजे पॉवर आणि व्हिडिओ एकत्र नेणाऱ्या केबलने, गेटपर्यंत जातो, अंतर किती आहे?

नवा_सेक्रेटरी
पावलांनी मोजलं, साधारण ६५ मीटर. हो, लॉबीत टीव्हीच्या मागे एक जाळीदार पत्र्याची डबी आहे, तीच का एसएमपीएस?

बीएनसी
तीच. आता गणित बघा, अवघड नाही. थ्री प्लस वनमधल्या पॉवरच्या तारा साधारण पाव स्क्वेअर एमएमच्या. जायची ६५ आणि यायची ६५ मिळून १३० मीटर तार, तांबं असेल तर ९ ओहमच्या आसपास रेझिस्टन्स. दिवसा ०.२ अँपिअर, म्हणजे वाटेत पावणेदोन-दोन व्होल्ट गेले, कॅमेऱ्याला १० मिळाले, तो भागवून घेतो. रात्री अर्धा अँपिअर, वाटेत साडेचार व्होल्ट गेले, उरले साडेसात. कॅमेरा बंद पडतो, बंद पडला की करंट थांबतो, व्होल्टेज वर येतं, परत चालू होतो, एलईडी पेटले की परत बंद. तुमचं येतंय-जातंय ते हे. आणि हे शुद्ध तांब्याचं गणित झालं, बाजारात स्वस्तातली केबल म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, तिथे ह्याच्या दीडपट धरा.

खात्री करायची तर रात्री गेटवरच्या कॅमेऱ्याच्या पिनवर मल्टीमीटर लावा. नवा कॅमेरा लावला तरी तोही त्याच तारेवर उपाशी मरणार, व्हेंडरला हे माहीत नसेल असं नाही.

नेटवर्कवाला
+१. पण आयपीला एवढं झोडपू नका, पीओईमध्ये, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देतात त्यात, सप्लाय ४८ व्होल्टच्या घरात जातो त्यामुळे तेवढ्याच वॅटला करंट चौपट कमी आणि हा प्रॉब्लेमच येत नाही, एका कॅट सिक्स नेटवर्क केबलवर १०० मीटरपर्यंत डेटा आणि पॉवर दोन्ही. फक्त त्यासाठी १६ च्या १६ बदलायची गरज नाही हे खरं.

दुसरं म्हणजे डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यात, डिस्क किती आहे ते बघा. कमिटीवाले छातीठोक सांगतात ‘आमच्याकडे महिन्याचं रेकॉर्डिंग असतं’. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा २ एमबीपीएसवर ठेवला तर दिवसाला २१.६ जीबी, १६ कॅमेरे म्हणजे जवळजवळ ३४५ जीबी, ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरून जुनं पुसायला लागते. महिना हवा तर १० टीबीच्या पुढे. आणि घड्याळ बघा, डीव्हीआरचं घड्याळ.

नवा_सेक्रेटरी
आत्ता बघून आलो. घड्याळ ४७ मिनिटं मागे. डिस्क २ टीबी. पासवर्ड ॲडमिन आणि एक ते सहा.

नेटवर्कवाला
🙏

खडूस_खजिनदार
४७ मिनिटांवर हसू नका, आमच्याकडे बाईक चोरीला पोलिसांना फुटेज दिलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ ह्यातच गेला, चोर आला तेव्हा वॉचमन जेवायला गेला होता की नव्हता ह्यावर. आणि फुटेज पेन ड्राईव्हवर दिलं की झालं असं नाही, पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५ ब चं सर्टिफिकेट लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ओळखायचा कोड, तीपण लिहायची असते. डीव्हीआर ज्याच्या ताब्यात तो सही करणार, म्हणजे सेक्रेटरीसाहेब तुम्हीच.

व्हेंडर बदलायचाच असेल तर कॅमेऱ्याला एसटीक्यूसीचं, म्हणजे सरकारी, टेस्टिंग झालंय का विचारा, एप्रिल २०२५ पासून नवीन मालाला ते लागतं. स्वस्तात देणारा बऱ्याचदा गोडाऊन रिकामं करत असतो.

मुलुंडची_मावशी
अवांतर होतंय पण विचारते, कॅमेरे कॉमन पॅसेजमध्ये कुठे रोखलेत तेही बघा हो. आमच्याकडे चौथ्या मजल्यावरचा कॅमेरा थेट आमच्या दारात, दार उघडलं की हॉल दिसतो, आणि फीड चेअरमनच्या मोबाईलवर. तीन मीटिंगा भांडले तेव्हा फिरवला.

नवा_सेक्रेटरी
मावशी, बघतो. आमच्याकडे ॲपचं लॉगिन कोणाकोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नाही, पासवर्ड आज बदलला तर तीन जणांचे फोन आले ‘कॅमेरे दिसत नाहीत’ म्हणून. तिघांपैकी एक जण मागच्या वर्षीच फ्लॅट विकून गेलाय.

अर्थिंगकाका
एवढ्या लांब प्रश्नात मला एकच वाक्य दिसलं आणि त्यावर अजून कोणी बोललं नाही ह्याचं नवल वाटतंय. खांब चावतो. डिस्क, घड्याळ, पासवर्ड सगळं नंतर. माझी ३३ वर्षं विजेच्या कामात गेली, अजून कधी कुठला खांब ‘जरा’ चावताना बघितला नाही, तो आज जरा चावतो आणि एखाद्या दिवशी ओल्या चपलेने शाळेतलं पोर टेकलं की सोडत नाही.

आजच्या आज करायचं ते असं. खांबाजवळ दोरी बांधा, कोणालाही हात लावू देऊ नका, वॉचमनकाकांना सांगा टेस्टर घेऊन प्रयोग करायचे नाहीत. मग मला तीन गोष्टी सांगा. त्या खांबावर कॅमेऱ्याशिवाय काय आहे? चावतो तो दिवसभर की ठरावीक वेळेला? आणि संध्याकाळी सातला तुमच्याकडे अजून काय चालू होतं?

नवा_सेक्रेटरी
काका, अंगावर काटा आला. दोरी बांधली. खांबावर कॅमेऱ्यांच्या वर एक एलईडी फ्लडलाईट आहे, दोन-तीन वर्षांपूर्वी लावला म्हणे. वॉचमनकाकांना नीट विचारलं तर म्हणाले ‘साहेब, दिवसा कुठे चावतो, दिवा लागल्यावर’. आणि दिवा टायमरवर आहे, सातला लागतो.

अर्थिंगकाका
वाटलंच. म्हणजे तुमच्या सात वाजण्याला दोन वेगळी कारणं आहेत आणि तुम्ही ती एकत्र बघत होतात. कॅमेरे सातला आंधळे होतात ते अंधार पडतो म्हणून, ते बीएनसींनी सांगितलं तसं. इंटरकॉम सातला गुणगुणतो आणि खांब सातला चावतो ते टायमरमुळे, कारण टायमर बंद असताना त्या वायरीत फेजच नसते. पैजेवर सांगतो, फ्लडलाईट लावणाऱ्याने नवीन खणायचा कंटाळा केला आणि ज्या पाईपातून कॅमेऱ्याची केबल आणि इंटरकॉमची पेअर, म्हणजे तारांची जोडी, जाते त्याच पाईपात २३० व्होल्टची दोन तारांची वायर ढकलली. टेलिफोनची पेअर आणि २३० ची वायर ६५ मीटर गळ्यात गळा घालून चालल्या तर ५० हर्ट्झ फोनमध्ये ऐकू येणारच.

तपासायला सोपं आहे. आठ वाजता पॅनलवरून टायमरचा एमसीबी, म्हणजे त्या सर्किटचा छोटा स्विच, खाली करा आणि केबिनला फोन लावा.

नवा_सेक्रेटरी
केलं. आवाज गायब. एमसीबी वर केला, आवाज परत. तीन वेळा केलं, वॉचमनकाकांना वाटलं मी खेळतोय.

तिसरा_मजला
आमच्या वायरमनने असल्या वेळी सांगितलेलं की अर्थिंग कमकुवत आहे, नवीन पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, मारून कोळसा मीठ टाकून घ्या आणि उन्हाळ्यात पाणी घालत जा. तेच करा की, १५ हजारात होतं.

अर्थिंगकाका
तिसरा मजला, पिट चांगलं असावंच पण खांबाला अर्थची तारच नेलेली नसेल तर इमारतीपाशी पिट मारून खांबाला काय उपयोग? दोन तारांची वायर म्हणजे फेज आणि न्यूट्रल, हिरवी नाहीच.

आता हे लक्ष देऊन वाचा कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. लोक म्हणतात फेज खांबाला लागली असेल तर एमसीबी का पडला नाही. खांब जमिनीत रोवलाय, ओली माती, समजा जमिनीपर्यंतचा रेझिस्टन्स ५० ओहम. २३० भागिले ५०, साडेचार अँपिअर. तुमचा एमसीबी १६ चा, त्याच्या दृष्टीने हे म्हणजे कोणीतरी इस्त्री लावली. तो आयुष्यभर पडणार नाही. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. माणसासाठी आरसीसीबी, लोक त्याला अजून ईएलसीबी म्हणतात, तो फेजने किती गेला आणि न्यूट्रलने किती परत आला ह्याची तुलना करतो, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पाडतो. साडेचार अँपिअर म्हणजे त्याच्या मर्यादेच्या दीडशे पट. म्हणून माझा पुढचा प्रश्न, तुमच्या कॉमन पॅनलला आरसीसीबी आहे की नाही? असेल तर त्यावर टी लिहिलेलं बटण असतं, ते दाबा आणि काय होतं सांगा. पॅनलचं झाकण मात्र स्वतः उघडू नका.

नवा_सेक्रेटरी
आहे, ४० अँपिअर ३० एमए लिहिलंय. बटण दाबलं, खट्कन नॉब खाली पडला. मी खूश झालो, मग लक्षात आलं की स्टिल्टचे दिवे चालूच आहेत.

बीएनसी
अरे देवा.

अर्थिंगकाका
डायरेक्ट केलाय, म्हणजे आरसीसीबीला वगळून तारा थेट जोडल्यात. उद्या लायसन्सवाला वायरमन बोलवा, ज्याने हे केलं तो सोडून दुसरा. तोपर्यंत टायमरचा एमसीबी खाली आणि त्यावर चिकटपट्टी.

टोरांटोकर
इकडे कॅमेरे-इंटरकॉमवाल्यांना लो व्होल्टेज कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, ते २३०... सॉरी इकडे १२० ला हातच लावत नाहीत आणि इलेक्ट्रिशियन त्यांच्या वायरींना. तुमच्याकडे एकच माणूस सगळं करतो म्हणून असं होतं.

खडूस_खजिनदार
आमच्याकडे तोच माणूस नळपण बसवतो. पुढे?

नवा_सेक्रेटरी
अपडेट, दोन दिवसांनी. मोठा आहे, सांभाळून घ्या.

वायरमन आला, बरोबर मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, घेऊन आला, हाताने फिरवायचा जुना. झाकण उघडलं तर आरसीसीबीच्या खालच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या तारा काढून वरच्याच टर्मिनलला येणाऱ्या तारांबरोबर आवळलेल्या. आरसीसीबीला सप्लाय आहे, तो पडतोही, फक्त त्याच्या पडण्याने कोणाचं काही बिघडत नाही. आमच्या काही पदाधिकाऱ्यांसारखं. जुन्या वॉचमनला फोन करून विचारलं तर म्हणाला दर पावसाळ्यात ‘तो खटका’ पडायचा, स्टिल्ट अंधारात, मेंबर खाली येऊन ओरडायचे, मग एका रविवारी कमिटीने वायरमन आणून कायमचं काम केलं. म्हणजे खटका दर पावसाळ्यात सांगत होता आणि आम्ही त्यालाच गप्प केलं.

मग गेटची वायर दोन्हीकडून सोडवली, फ्लडलाईट आणि टायमर आधी वेगळे केले कारण मेगर ५०० व्होल्ट सोडतो आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स जळतं म्हणे, आणि खांबाशी लावून हँडल फिरवलं तर काटा शून्याला चिकटलेला. किमान १ मेगाओहम यायला हवा होता. खांबाच्या बुडाशी वायर आत जायला भोक पाडलंय, कडा तासलेली नाही, वाऱ्याने हलून हलून तिथेच वायर सोललेली. आणि काकांची पैज, तर हो, एकच पाईप. त्यात कॅमेऱ्याची केबल, इंटरकॉमची पेअर आणि २३० ची पांढरी वायर, मध्ये एक जोड नुसती काळी टेप गुंडाळलेला, आणि पाईप अर्धा पाण्याने भरलेला.

आता पुढचा घोळ. आरसीसीबी नीट जोडला, गेटची वायर सोडवलेलीच, तरी वर करताच पडायला लागला. मला वाटलं झालं, अजून कुठेतरी गळती.

अर्थिंगकाका
न्यूट्रल उसना घेतलेला असणार. कुठल्यातरी दिव्याची फेज ह्या सर्किटची आणि न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा. आरसीसीबीला वाटतं गेलेला करंट परत आलाच नाही.

नवा_सेक्रेटरी
काका तुम्ही आमच्या डक्टमध्ये राहता का? बी विंगच्या जिन्याचा न्यूट्रल. शोधायला दोन तास, एकेक सर्किट काढून. ते वेगळं केल्यावर आरसीसीबी वर राहिला, टेस्ट बटण दाबलं, दिवे गेले. एवढा आनंद मला दिवे गेल्याचा कधी झाला नव्हता.

आता प्रश्न गेटला नवीन काय टाकायचं. व्हेंडर अजून ३ लाख ८० वरच आहे.

नेटवर्कवाला
मी असतो तर फायबर. उघड्यावर ६५ मीटर तांबं म्हणजे मे महिन्यातल्या वळवाला आमंत्रण, जवळ वीज पडली की सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा झटका, थेट डीव्हीआरमध्ये. फायबरमधून वीज जातच नाही.

बीएनसी
फायबर टाकलं तरी कॅमेऱ्याला पॉवर तांब्यानेच न्यायची ना, मग? वर फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणारे दोन मीडिया कन्व्हर्टर, त्यांचे दोन ॲडॉप्टर, दर पावसाळ्यात एक जळणार. दोन कॅमेऱ्यांसाठी नको. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा आणि सोडा.

अर्थिंगकाका
मीपण बीएनसींच्या बाजूने, कॅमेरे चालू आहेत तर ठेवा. १२ व्होल्टसाठी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची टू कोअर टाका. १३० मीटरला ०.९ ओहम, दोन्ही कॅमेरे मिळून रात्री १ अँपिअर, पाऊण-एक व्होल्ट जाईल, ११ मिळतील. ती, व्हिडिओची केबल आणि इंटरकॉमची पेअर एका पाईपात. फ्लडलाईटला वेगळी आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची, थ्री कोअर, हिरव्या तारेसकट, खांबाला बोल्ट मारून अर्थ. दोन पाईपांत निदान एक फूट अंतर, ओलांडायचंच झालं तर काटकोनात. आणि खड्डे बुजवायच्या आधी फोटो काढा, टेप लावून.

मुलुंडची_मावशी
वाचनखूण साठवली. आमच्या लॉबीच्या दाराला चुंबकाचं लॉक बसवलंय, कार्ड दाखवलं की उघडतं. लाईट गेली की उघडं पडतं म्हणून कमिटी आता बॅटरी लावतेय. बरोबर आहे का?

नेटवर्कवाला
मावशी, चुंबकाचं लॉक वीज गेली की उघडावं असंच बनवलेलं असतं, तो दोष नाही. ६०० पौंडवालं असेल तर पावणेतीनशे किलोच्या आसपास धरून ठेवतं, धुरात खोकणाऱ्या माणसाला ते ओढून उघडत नाही. बॅटरी लावा पण तिची तार फायर अलार्मच्या रिलेतून, म्हणजे अलार्मवर चालणाऱ्या स्विचमधून, न्या, अलार्म झाला की बॅटरीसकट सप्लाय तुटला पाहिजे, आणि आतल्या बाजूला बाहेर पडायचं बटण, तेही थेट लॉकचा सप्लाय तोडणारं. व्हेंडर हे आपणहून करत नाही, लेखी मागा.

खडूस_खजिनदार
आणि ते चालतं की नाही हे फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, भरणाऱ्या एजन्सीसमोर करून बघा. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने दर जानेवारी आणि जुलैत तो द्यावा लागतो, बऱ्याच ठिकाणी एजन्सीचा माणूस खालूनच सही करून जातो. त्याला गच्चीपर्यंत चढवा, आणि गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर चावी कोणाकडे तेही तेव्हाच बघा. डक्टमध्ये चपलांची रॅक आणि जुने पेपर असतील तर ते आधी काढा.

नवा_सेक्रेटरी
शेवटचा अपडेट. काम झालं, खोदाई, दोन पाईप, आर्मर्ड केबल, १२ व्होल्टची नवीन वायर, आरसीसीबी नवाच घेतला, सर्ज प्रोटेक्टर, मजुरी, सगळं मिळून ४८ हजार. ८ टीबीची डिस्क वेगळी, रेकॉर्डिंग २३ दिवसांचं मिळेल असा हिशोब आहे. काल रात्री गेटवर मल्टीमीटर लावून बघितलं, ११.२ व्होल्ट. इंटरकॉमवर वॉचमनकाका आता एवढे स्पष्ट ऐकू येतात की ते माझ्याशी बोलायच्या आधी कोणाशी काय बोलत होते तेही कळतं.

पॅनलपासून गेटपर्यंतचा नकाशा मुलीकडून काढून घेतला, चौकोन आणि रेघा, फेज लाल, १२ व्होल्ट निळा, इंटरकॉम हिरवा. काका म्हणाले हिरवा फक्त अर्थला, म्हणून इंटरकॉम जांभळा केला. लॅमिनेट करून मीटर रूमच्या दारामागे लावलाय. बी विंगचं डक्ट अजून उघडलेलं नाही, त्याच्यासमोर एकांचं शू रॅक आहे आणि ते म्हणतात आधी ए विंगवाल्यांचं काढा.

तिसरा_मजला
धागा वाचून आमच्या पॅनलचं टी बटण दाबलं. काहीच झालं नाही. नॉब वरच, दिवे चालू. हे चांगलं की वाईट?

अर्थिंगकाका
वाईट. त्याला सप्लायच नाही किंवा आतून मेलाय. आजच माणूस बोलवा, आणि झाकण उघडलं की फोटो इथे टाका.